पैठणी, पदरामागची जाळी आणि ८६,००० रुपयांचा परतावा: एक प्रकरण

ग्राहक मार्गदर्शन केंद्रात काम करताना हाताळलेले हे प्रकरण आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. नावे, दुकान आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. महागड्या वस्तूच्या तक्रारीत लोक कुठे अडखळतात, हे या एका प्रकरणात जवळपास सगळेच दिसते, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

सांगलीच्या एका कुटुंबाने मुलीच्या लग्नासाठी नोव्हेंबरात पुण्यातल्या एका मोठ्या दालनातून पैठणी घेतली. आधी सेल्समनने मुलीच्या वडिलांच्या व्हॉट्सॲपवर चार-पाच साड्यांचे फोटो पाठवले होते. पसंत पडलेल्या साडीच्या फोटोखाली त्याने लिहिले होते, "येवला हॅण्डलूम, प्युअर सिल्क, सिल्व्हर जरी. फायनल ८६." हा एका ओळीचा मेसेज पुढे सगळ्यात उपयोगी पडला.

किंमत ८६,००० रुपये ठरली. त्यातले ५०,००० कार्डवर घेतले आणि ३६,००० रोख, "रोख दिलेत तर एवढ्यात बसवतो" असे म्हणून. बिल मात्र ५०,००० चेच मिळाले. त्यावर वस्तूचे वर्णन "सिल्क साडी, १ नग" एवढेच, आणि खाली छापलेली ओळ: "एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही." दुकानाने फॉल-पिको फुकट करून दिले आणि पदराच्या मागच्या बाजूला बारीक जाळीचे कापड टाचून दिले. कारण सांगितले की पदर भारी आहे, जाळीने धरून राहील. लग्नाच्या गडबडीत कोणी फार विचारले नाही, आणि त्यात नवल काही नाही.

मुलीच्या आईला केंद्रात सगळे काकू म्हणू लागले, तेच नाव इथे ठेवतो.

अडचण कशी लक्षात आली

लग्नात मुलीच्या हातातली बांगडी पदरात अडकली, जाळीला चीर गेली आणि मोराच्या नक्षीतले दोन-तीन धागे ओढले गेले. तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. जानेवारीच्या मध्यात काकू साडी ड्रायक्लीनला द्यायला निघाल्या होत्या, तेव्हा मुलीच्या सासरच्या आत्याबाईंनी त्यांना थांबवले. आत्याबाईंचे माहेर येवल्याचे. त्यांनी सुईच्या टोकाने जाळीचे टाके उसवले आणि पदर उलटा केला. मागे एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत लांब धागे नुसते सोडलेले होते, काही कापलेले, काहींची टोके पिंजलेली. आत्याबाई एवढेच म्हणाल्या, "आमच्याकडच्या पदराला जाळी लागत नाही."

त्याचे कारण थोडक्यात असे. पारंपरिक पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी तिल्ली (धागा गुंडाळलेली काडी) असते आणि नक्षीचा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवत पुढे नेतात. म्हणून पदर पुढून आणि मागून जवळजवळ सारखाच दिसतो. मागे लोंबणारे धागे राहतात ते जॅकार्डवर, म्हणजे नक्षीसाठीचे धागे आपोआप उचलणाऱ्या मागावरच्या यंत्रावर, नक्षी उचलली की. विणायला महिने का लागतात आणि किंमत का चढते, तेही या अडकवण्यातच आहे.

काकूंनी त्याच दिवशी दुकानाला फोन लावला आणि म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला नकली सिल्क दिलंत." व्यवस्थापकाने शांतपणे उत्तर दिले: सिल्क शंभर टक्के खरे आहे, कुठेही तपासा, साडी वापरलेली आहे, तीस दिवस उलटून गेले आहेत, तरी पाठवून द्या, आम्ही रफू करून देतो. यानंतर कुटुंब आमच्याकडे आले.

पहिला निर्णय: साडी पाठवायची का?

कुरिअरचे पाकीट तयार होते. ते थांबवले. वस्तू हाच मुख्य पुरावा असतो. एकदा ती दुकानाच्या ताब्यात गेली की रफू होऊन येते, जाळी पुन्हा लागते, आणि मग दाखवायला काहीच उरत नाही. दुकानाला वस्तू बघण्याचा हक्क आहेच, पण ती आपण घेऊन जाऊन दाखवावी आणि सोबत परत आणावी. ठेवायचीच वेळ आली, तर कोणत्या अवस्थेत ठेवली हे लिहिलेली सही-शिक्क्याची पोच घ्यावी.

ड्रायक्लीनही थांबवले. पदराचे पुढून-मागून फोटो काढले, उसवलेली जाळी टाक्यांच्या दोऱ्यासकट वेगळ्या पिशवीत ठेवली. व्हॉट्सॲपवरचे संभाषण वडिलांच्या फोनमध्येच राहू दिले आणि चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर घेतले. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडायची वेळ येऊ शकते आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असणे बरे.

दुसरा निर्णय: तक्रार नेमकी कशाची?

या प्रकरणाचा निकाल माझ्या मते इथे लागला. पुढची पत्रे आणि तडजोड यावरच उभी राहिली.

काकूंचा राग "फसवलं" या एका शब्दात होता आणि तो रास्तच होता. पण "सिल्क नकली आहे" हा आरोप तपासाशिवाय पत्रात गेला असता तर दुकान पहिल्याच फेरीत जिंकले असते. ब्लाउज शिवताना उरलेल्या चिंध्या शिंप्याकडून काकूंनी परत आणल्या होत्या, जपून ठेवायची सवय म्हणून. त्यात काठाचाही तुकडा होता. आम्ही स्टीलच्या ताटलीत त्यातले धागे सुटे करून जाळून पाहिले. अंगातला धागा केस जळल्यासारखा वास देत जळला, ज्योत बाजूला घेताच विझला, राख बोटांत चुरली. म्हणजे रेशीम खरे. काठातल्या जरीचा धागा मात्र आक्रसत गेला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. चांदीची जर असती तर दोऱ्यावर गुंडाळलेली धातूची तार मागे उरायला हवी होती.

घरगुती परीक्षा दिशा दाखवते, पुरावा म्हणून ती चालत नाही. म्हणून उरलेला तुकडा मुंबईत प्रभादेवीच्या वस्त्रोद्योग समितीच्या प्रयोगशाळेत दिला. हातमाग मार्कची (कापड हातमागाचे असल्याची खात्री देणाऱ्या लेबलची) योजना राबवणारी हीच केंद्रीय संस्था. अहवाल आला तो असा: ताणा-बाणा रेशमाचा, जरीचा धागा पॉलिस्टरवर धातूचा मुलामा दिलेला.

म्हणजे दुकानाने वर्णनात तीन गोष्टी सांगितल्या होत्या. सिल्क खरे निघाले. चांदीची जर खोटी निघाली. उरला हातमागाचा दावा, आणि तिथे आम्ही जपून पाऊल टाकले. मागे धागे लोंबतात म्हणजे साडी यंत्रमागाचीच, असे ठामपणे म्हणता येत नाही. हातमागाला जॅकार्ड लावूनही ब्रोकेड पैठणी विणली जाते. म्हणून "ही यंत्रमागाची आहे" असा आरोप करायचा नाही, तर "हातमागाची आहे असे तुम्ही सांगितलेत, तर विणकराचे किंवा पुरवठादाराचे खरेदी बिल दाखवा" अशी मागणी करायची, असे ठरले. जे आपल्याला सिद्ध करता येते ते आपण ठामपणे म्हणायचे, आणि ज्याचे कागद दुकानाकडे आहेत ते दुकानाकडे मागायचे.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. नकली किंवा टेस्टेड (चांदीऐवजी तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली) जर वापरणे हा गुन्हा नाही. येवल्याच्या, पैठणच्या चांगल्या हातमागाच्या पैठण्यांतही ती असते आणि विणकर तसे सांगून विकतात. इथे आक्षेप होता तो चांदीची म्हणून विकल्याचा आणि तसा दर लावल्याचा.

समोर असलेले पर्याय

रफूचा पर्याय लगेच बाजूला पडला. वर्णन खोटे असेल तर ते रफूने खरे होत नाही.

मुलीला या सगळ्याचा रील करून टाकायचा होता. दोन दिवस घरात त्यावर वाद झाला. माझे मत स्पष्ट होते: दुकानाचे नाव घेऊन जाहीर आरोप केला की बदनामीच्या नोटिशीची भीती राहते, आणि दुकान परताव्याची बोलणी थांबवून प्रतिष्ठेच्या लढाईला उतरते. हातात अहवाल यायच्या आधी तर मुळीच नको. मुलीने ऐकले, पण मनाविरुद्ध.

दुकानाने दुसऱ्या भेटीत क्रेडिट नोट देऊ केली, पूर्ण ८६,००० ची, सहा महिन्यांत वापरायची. हा पर्याय कुटुंबाला मोहात पाडणारा होता, कारण घरात पुतण्याचे लग्न होतेच. काहींना तो चालेलही, फक्त रक्कम, मुदत आणि अटी लेखी हव्यात. पण काकू म्हणाल्या, "ज्यांच्या तोंडावर विश्वास नाही, त्यांच्याकडून परत कापड कसं घ्यायचं?" याला उत्तर नव्हते.

कार्डावरची रक्कम बँकेकडे विवादित म्हणून नोंदवायचा विचार झाला. पण त्याने जेमतेम बिलातल्या ५०,००० चा प्रश्न सुटला असता, रोख दिलेले ३६,००० बाहेरच राहिले असते.

उरला कायद्याचा मार्ग. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा किंवा घटक खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा. त्याच व्याख्येत आणखी एक भाग आहे: सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे. व्यवस्थापकाचे "तीस दिवस उलटले" इथून आलेले. पण ते तीस दिवस त्या एका नकारापुरते आहेत. खोट्या वर्णनाबद्दलची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत करता येते. कुटुंब खचले होते ते या तीस दिवसांमुळेच, आणि हे समजल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा उतरलेला दिसला. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या छापील ओळीने दोषपूर्ण वस्तूवरचा ग्राहकाचा हक्क संपत नाही, हे ग्राहक आयोगांनी अनेकदा सांगितले आहे.

दुसरी दिलाशाची गोष्ट अंतराची. जुन्या कायद्यात साधारणपणे दुकान जिथे तिथे तक्रार करावी लागे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही ती करता येते. म्हणजे पुण्याला खेटे घालायची गरज नव्हती, सांगली पुरेशी होती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो.

वेळेबद्दल मात्र कुटुंबाला खरे सांगितले. कायद्याने निकालाची मुदत तीन महिने आणि वस्तू तपासणीला पाठवायची असेल तर पाच महिने ठेवली आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून आधी तडजोडीचा मनापासून प्रयत्न करायचा, पण तक्रारीचा मसुदा तयार ठेवून.

काय केले

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. दुकानाचे उत्तर आले: "माल वापरलेला असल्याने परतावा देय नाही." हेल्पलाइनचा निर्णय दुकानावर बंधनकारक नसतो, पण दुकानाची भूमिका लेखी मिळाली आणि तक्रारीची तारीख नोंदली गेली, हा फायदा मोठा होता.

मग स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पत्र पाठवले आणि तेच ईमेलवरही. त्यातला गाभा असा होता:

"आपल्या प्रतिनिधीने लेखी संदेशात सदर साडी येवला हातमागाची, शुद्ध रेशमाची व चांदीच्या जरीची असल्याचे सांगितले. रेशमाबाबत आमची तक्रार नाही. प्रयोगशाळेच्या अहवालानुसार जर पॉलिस्टरची आहे. साडी हातमागाची असल्यास विणकराचे अथवा पुरवठादाराचे खरेदी बिल द्यावे. पदराची मागील बाजू आपण जाळी लावून झाकून दिल्याने हा दोष खरेदीच्या व वापराच्या वेळी दिसणे शक्य नव्हते. पंधरा दिवसांत ८६,००० रुपये परत करावेत. साडी परत देण्यास आम्ही तयार आहोत."

"रेशमाबाबत आमची तक्रार नाही" हे वाक्य काकूंना खटकले होते. आपणच त्यांची बाजू का मांडायची, असा त्यांचा प्रश्न. मी ते आग्रहाने ठेवले. जे खरे आहे ते मान्य करणाऱ्या माणसाच्या बाकीच्या म्हणण्याला वजन येते, आणि दुकानाचे सगळ्यात मजबूत उत्तर त्या वाक्याने निकामी झाले. "साडी वापरली" या आक्षेपाचे उत्तर जाळीच्या वाक्यात होते.

दुकानाने आता नवा मुद्दा काढला: चिंधी याच साडीची कशावरून? मुद्दा चुकीचा नव्हता. आम्ही उलट पत्र दिले की दोन्ही बाजूंसमोर साडीच्या काठातून नमुना कापू, सीलबंद करून दोघांच्या सह्या घेऊ आणि आपण म्हणाल त्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवू. आयोगसुद्धा हेच करतो. नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. या पत्राला उत्तर आले नाही. पुरवठादाराचे बिलही आले नाही.

मुदत संपत आली तेव्हा सांगली आयोगात दाखल करायच्या तक्रारीचा मसुदा जोडपत्रांसह दुकानाला ईमेल केला. रोख घेतलेल्या ३६,००० ला बिल न दिल्याचा परिच्छेद त्यात होता, आणि पुरावा म्हणून "फायनल ८६" हा संदेश. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाचा नव्हे, मालकाचा फोन आला.

तडजोड आणि निकाल

मालकांनी पूर्ण रक्कम द्यायची तयारी दाखवली. बोलणी अडली ती कागदावर. त्यांच्या मसुद्यात दोन ओळी होत्या: "ग्राहकाची तक्रार गैरसमजातून झाली होती" आणि "ग्राहक याबाबत कोणत्याही प्राधिकरणाकडे कधीही तक्रार करणार नाही." मुलीचे वडील सही करून मोकळे व्हायला तयार होते, पैसे मिळताहेत ना, मग शब्दांचे काय. काकू पहिल्या ओळीला अजिबात तयार नव्हत्या. गैरसमज नव्हता हे त्यांनी अहवालानिशी दाखवले होते, त्यामुळे मला त्यांचेच म्हणणे पटले. पहिली ओळ गेली. दुसरीच्या जागी आले: "या व्यवहारातील रकमेबाबत ग्राहकाची यापुढे मागणी राहणार नाही."

५०,००० कार्डवर परत आले. ३६,००० दुकानाने रोखच दिले, पण तडजोडीच्या कागदावर "एकूण ८६,०००" असे लिहून घेतले. साडी आणि जाळी पोच घेऊन परत केली. प्रयोगशाळेची फी, ब्लाउजची शिलाई आणि सांगली-पुणे प्रवास यांचे साडेसहा हजारांच्या आसपासचे पैसे मिळाले नाहीत. आयोगात गेलो असतो तर व्याज, भरपाई आणि खर्च मागता आला असता. कुटुंबाने ते सोडून दिले आणि त्यांच्या जागी बहुतेकांनी तेच केले असते.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात आधी बिल. "सिल्क साडी, १ नग" ऐवजी "हातमाग पैठणी, शुद्ध रेशीम, चांदीची जर" असे लिहून मागितले असते, तर दुकानाने एक तर ते लिहून दिले असते किंवा तिथेच टाळाटाळ केली असती, आणि दोन्हींतून कुटुंबाला काय ते कळले असते. दुकानात सिल्क मार्क आणि हातमाग मार्कचे लेबल विचारावे, पण दोन्ही वेगळे आहेत हे लक्षात ठेवून. सिल्क मार्क रेशमाची खात्री देतो, साडी कुठल्या मागावर विणली ते तो सांगत नाही. पैठणी घेताना पदर उलटा करून बघावा आणि जाळी लावायच्या आधी बघावा.

रोखीतल्या ३६,००० ने हे प्रकरण उगाच नाजूक केले. तो एक मेसेज नसता तर ती रक्कम परत मिळणे फार अवघड होते. सवलतीच्या मोहात बिलाबाहेर पैसे देणारा ग्राहक त्या रकमेपुरता स्वतःचा हक्क दुकानदाराच्या मर्जीवर सोडतो.

पहिल्या फोनवर आरोप न करता फक्त "पदराची मागची बाजू अशी दिसते, साडी कशावर विणलेली आहे आणि जर कोणती?" एवढे विचारून उत्तर ईमेलवर मागितले असते, तर दुकान बहुधा तेव्हाच अडचणीत आले असते.

आणि एक गोष्ट अजून शिल्लक आहे. ती साडी आता दुकानात परत गेली आहे. जाळी पुन्हा टाचून ती "येवला हॅण्डलूम" म्हणून दुसऱ्या कोणाच्या लग्नात जाऊ शकते, आणि तिथे येवल्याच्या आत्याबाई असतीलच असे नाही. त्याहून जास्त चीड मला येते ती येवल्यातल्या विणकरावर होणाऱ्या अन्यायाची. एका पदरावर महिने घालवणाऱ्या माणसाचे नाव वापरून त्याच्या भावात दुसराच माल विकला जातो. २०१९ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ग्राहकांच्या समूहाला बाधक ठरणाऱ्या अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार जिल्हाधिकारी किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करता येते, आणि तिचा आपल्या परताव्याशी संबंध नसतो. तडजोडीतली ती दुसरी ओळ बदलून घेतली ती याचसाठी. काकूंनी पुणे जिल्हाधिकाऱ्यांकडे असा अर्ज दिला आहे, प्रयोगशाळेचा अहवाल आणि मेसेजची प्रत जोडून. त्यावर अजून उत्तर आलेले नाही.